मगभर पाणी

मिस्त्रींना सुट्टी मानवत नाही, हे मिस्त्रीणबाईंना लग्नानंतरच्या पहिल्याच सहलीत कळलं होतं. हॉटेलात उतरल्या उतरल्या नवरा बाथरूममध्ये शिरला तो अर्धा तास बाहेर येईना. पोट बिघडलं असेल म्हणून त्यांनी दार ढकलून बघितलं, तर हे उकिडवे बसून बोटाच्या पेराने एकेक फरशी ठोकत होते. "चार पोकळ आहेत," असं म्हणून ते तसेच मॅनेजरला गाठायला खाली गेले. पुढच्या पस्तीस वर्षांत दोघं जिथे जिथे गेली, तिथली तिथली फरशी ठोकली गेली. दवाखान्यातली, बँकेतली, आणि एकदा मुलाच्या शाळेत मुख्याध्यापक त्याच्या गणिताबद्दल काळजीने बोलत असताना त्यांच्या खुर्चीखालचीसुद्धा.

आता खोटं कशाला बोला, माणसाच्या हातात कसब होतं. मिस्त्रींनी घातलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती ठेवल्या जागी राहायची. गिऱ्हाईकं त्यांच्यासाठी सहा-सहा महिने थांबायची. हाताखालची माणसं मात्र सहा महिनेही थांबायची नाहीत, कारण हात जेवढा सफाईदार तेवढीच जीभ धारदार. दुसऱ्याचं काम समोर आलं आणि मिस्त्री त्याला नाव न ठेवता पुढे गेले, असं कुणी पाहिलेलं नव्हतं. बाईंनी स्वतः आयुष्यात एक फरशी बसवली नव्हती, तरी सगळे त्यांना मिस्त्रीणबाई म्हणत, आणि त्या म्हणण्यात थोडी कीवही असायची.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या गुडघ्यांनी संप पुकारला. चाला, फिरा, पण दिवसदिवस उकिडवं बसणं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. धंदा मुलाच्या हातात गेला आणि मिस्त्री घरी बसले. म्हणजे बसले कुठले! हातांचं काम गेलं ते सगळं तोंडाकडे आलं. रोज दहाच्या ठोक्याला सपाटी तपासायची लेव्हल काखोटीला मारून स्वारी मुलाच्या साइटवर हजर. मग हे वाकडं, ते तिरकं, हा सांधा बघ, तो कोपरा बघ. मुलगा मान खाली घालून ऐकायचा. लहानपणापासून त्याला तेवढी सवय होती.

शेवटी व्हायचं ते झालं. मुलाने एका मोठ्या घरातल्या हॉलची फरशी पुरी केली आणि घरमालक सहकुटुंब बघायला आले. मिस्त्रीही आले. त्यांनी तीन ठिकाणी पेराने ठोकलं, चौथ्या ठिकाणी थांबले आणि मालकांदेखत, कामगारांदेखत पहार घालून फरशी उचकटून दाखवली. खाली एका कोपऱ्यात सिमेंटचा माल पोचलेला नव्हता. फरशी पोकळ होती, मिस्त्रींचं बरोबर होतं, आणि हाच तर सगळा ताप होता. त्यांचं नेहमी बरोबरच असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप फिरायला गेल्याचं बघून मुलगा आईकडे आला. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून त्याने खिशातून एक पाकीट काढलं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीचं पत्र होतं. फरश्यांच्या कामावर देखरेख करायची नोकरी, महिनाअखेरपर्यंत कळवायचं.

"आई, मला बाबांशी भांडायचं नाहीये," तो म्हणाला. "म्हणूनच जातो म्हणतोय. ते परत एकदा साइटवर येऊन असं काही बोलले की मी होकार कळवून टाकणार."

पाकीट खिशात घालून तो गेला. बाईंनी नवऱ्याला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मिस्त्री त्याच पावली मुलाची समजूत काढायला गेले असते, आणि समजूत काढता काढता चार फरश्या ठोकून आले असते. एकुलतं एक पोर डोळ्यांसमोरून जाणार या विचाराने बाईंना दोन दिवस घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या दाढ दाखवायला दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर बोलके. ते दरवर्षी आठ दिवस दवाखाना बंद ठेवून डोंगरात जायचे, फिरायला येणाऱ्यांच्या पायवाटा दुरुस्त करायला. राहायला लाकडी झोपडी, जेवण साधं, काम सगळं हौशी माणसांचं, त्यातल्या निम्म्यांनी कुदळ पहिल्यांदाच धरलेली. या वर्षी दोन माणसं कमी आहेत, येता का, असं त्यांनी विचारलं. तोंडात डॉक्टरांची बोटं होती म्हणून मला नाही म्हणता आलं नाही, असं बाई पुढे सगळ्यांना सांगत. खरं तर त्यांनी चूळ भरायच्या आधी दोन नावं लिहून दिली. नवऱ्याला आठ दिवस शहराबाहेर काढायचं, एवढाच तेव्हा बेत होता.

आपण कुठे आणि कशाला चाललोय, ते त्यांनी मिस्त्रींना बसमध्येच सांगितलं. "म्हणजे ज्यांना दगड कशाशी खातात ते माहीत नाही, ते दगड बसवणार?" मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकले. जित्याची खोड डोंगरात जाऊनही जायची नाही. मग त्यांना एकदम सुचलं.

"अहो, पैज लावता?" त्या म्हणाल्या. "आठ दिवस कुणाच्याही कामाला नाव ठेवायचं नाही. जमलं, तर परत आल्यावर खुशाल रोज साइटवर जा, मी जन्मात अडवणार नाही. नाही जमलं, तर लेव्हल पोराच्या हातात द्यायची आणि तिकडे फिरकायचं नाही."

छापा पडला तरी बाईंचा, काटा पडला तरी बाईंचाच. जमलं तर माणूस सुधारलेला असेल, नाही जमलं तर घरी बसेल. मिस्त्री घासाघीस करतील, आठाचे चार दिवस मागतील, असा त्यांचा अंदाज होता. मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "लागली." एवढ्या सहज कबूल झालेलं बघून बाईंना जरा नवलच वाटलं.

झोपडीवर त्यांच्या तुकडीत पाचच जण होते. हे दोघं, डॉक्टर, एक बसचा ड्रायव्हर, जो आठ दिवस एकही चाक बघायचं नाही अशा निश्चयाने आला होता, आणि तुकडीची प्रमुख. ती एरवी शाळेत चित्रकला शिकवायची, वय पस्तिशीचं, उन्हाने नाक सोललेलं. तिला सगळे मुकादम म्हणत. तिने पहिल्या संध्याकाळी शेकोटीपाशी काम समजावून सांगितलं. वाटेचा खरा शत्रू माणसांचे पाय नव्हेत, पाणी. पावसाचं पाणी वाटेवरून धावायला लागलं की दोन वर्षांत वाटेची घळ होते. म्हणून पाण्याला जागोजागी वाट सोडायला लावायची. चढावर दगडी पायऱ्या घालायच्या, आणि मधे मधे वाटेवर तिरकी, दगडांची एक आडवी ओळ पुरायची, म्हणजे वरून आलेलं पाणी तिला अडून कडेच्या उतारावर निघून जातं.

मग तिने पिशवीतून पत्र्याचा एक चेपलेला मग काढला. तुकडीची रीत अशी होती की रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या कामावर दुसऱ्या कुणीतरी मगभर पाणी ओतायचं आणि सगळ्यांनी बघत उभं राहायचं. पाणी थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि नंतरही काही बोलायचं नाही. एका वर्षी दोन मास्तर आणि एक इंजिनियर एकत्र आले होते, तिने सांगितलं. तिघांनी एकमेकांना इतकं शिकवलं की चौथ्या दिवशी तिघंही निघून गेले, आणि पायऱ्या झाल्या दोन. त्या वर्षापासून हा मग.

"पाणी खोटं बोलत नाही आणि टोमणेही मारत नाही," मुकादम म्हणाली. बाईंनी तिरक्या डोळ्यांनी नवऱ्याकडे बघितलं. ते मग निरखत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना पायरी मिळाली. गुडघ्यांसाठी मुकादमने त्यांना बसायला लाकडाचा ओंडका दिला. मिस्त्रींनी लेव्हल घरी ठेवली नव्हतीच, ती कपड्यांच्या पिशवीत पायमोज्यांत गुंडाळून आणली होती. दिवसभर त्यांनी एकाच पायरीवर काम केलं. छिन्नीने कडा तासल्या, दोरी लावली, लेव्हलमधला बुडबुडा अगदी दोन रेघांच्या मधोमध आणला, सांध्यांत दगडाच्या कपच्या अशा ठोकून बसवल्या की नखही जाऊ नये. ड्रायव्हर दोनदा येऊन नुसता बघून गेला. डोंगरावर अशी पायरी कुणी घातली नसेल. बाईंनासुद्धा अभिमान वाटला, कितीही झालं तरी नवरा होता.

संध्याकाळी ड्रायव्हरने मगभर पाणी ओतलं. पाणी पायरीवर पसरलं आणि तिथेच बसलं. इकडे हललं नाही, तिकडे हललं नाही. पाचही जण बघत उभे होते. बराच वेळ झाला तरी पाणी आपलं जागच्या जागी, त्यात आभाळ दिसत होतं. कुणी हसलं नाही, कुणी खाकरलंही नाही. मुकादम म्हणाली, "चला, पुढची," आणि सगळे डॉक्टरांच्या कामाकडे वळले.

मिस्त्रींनी बटाटे आणि पाव दोन घासांत उरकले. बाईंना वाटलं, आता सकाळी बॅग भरतील. झोपडीबाहेर दात घासताना मात्र ते आपणहून म्हणाले, "गच्चीला उतार ठेवायला मी आख्ख्या जगाला शिकवलं. पायरी म्हटलं आणि हात आपोआप हॉलमध्ये गेला." असं म्हणून त्यांनी चूळ थुंकली आणि झोपायला गेले.

सकाळी पायरीवरच्या त्या पाण्यात एक इवलासा पक्षी अंघोळ करत होता. पंख फडफडवून, डोकं बुडवून, अगदी सावकाश. पाच माणसं कुदळी खांद्यावर घेऊन खोळंबली. पक्षी उडून गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "याला आता दुसरीकडे जागा बघावी लागेल," आणि पहार घालून त्यांनी स्वतःच ती पायरी उखडली. सगळे हसले, आणि मिस्त्रीही हसले. पस्तीस वर्षांत या माणसाने स्वतःचं काम उचकटलेलं बाईंनी पहिल्यांदा बघितलं. त्यांना त्या वेळी नवरा फार आवडला, पण हे सांगायची ती जागा नव्हती.

खरी परीक्षा पुढे होती, आणि तिचं नाव डॉक्टर. डॉक्टरांची हौस दांडगी, पण दगड त्यांच्या हातून काही धड बसत नसे. रोज सकाळी ते पाचसहा दगड ओळीने लावायचे आणि दुपारी एकेकावर पाय ठेवून म्हणायचे, "हा हलतोय. काढावा लागेल." मिस्त्री शेजारीच काम करायचे. डॉक्टरांनी दगड उलटा लावला की मिस्त्रींचा उजवा कान लाल व्हायचा. बाईंना ते दुरून दिसायचं. मग मिस्त्री तोंड उघडायचे, मिटायचे, आणि "तहान लागलीय" असं म्हणून सगळ्यांच्या बाटल्या गोळा करून झऱ्याकडे चालू लागायचे. दिवसातून आठ-दहा फेऱ्या. त्या आठवड्यात तुकडीत कुणाचीही बाटली रिकामी म्हणून राहिली नाही. ड्रायव्हर तर म्हणाला, एवढं पाणी पिऊन माझं अर्धं काम झुडपामागेच होतंय.

पण एक गोष्ट घडत होती, ती मिस्त्रींच्या नजरेतून सुटली नाही. रोज संध्याकाळी डॉक्टरांच्या दगडांवर मगभर पाणी पडायचं, ते भलतीकडे जायचं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर नेमका तोच दगड काढून पुन्हा लावायचे. न चिडता, न रुसता, कुणी एक शब्दही न बोलता. पाचव्या दिवशी त्यांच्या ओळीवरून पाणी सरळ कडेला गेलं. डॉक्टर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत नाचले. मिस्त्री त्या ओळीपाशी बराच वेळ रेंगाळले. "मी न सांगता कळलं त्याला," असं त्यांनी बाईंना दोनदा सांगितलं.

सातव्या दिवशी मुकादमने मिस्त्रीणबाईंना स्वतंत्र काम दिलं. वळणावरची एक आडवी ओळ, सात दगड, सगळी त्यांची एकटीची. तोवर त्या घमेली वाहत होत्या, माती चाळत होत्या. आता त्यांनी पदर खोचला आणि सकाळपासून तहानभूक विसरून कामाला लागल्या. घरातली कामं त्यांनी जन्मभर केली होती, पण ती संध्याकाळपर्यंत पुसली जात, खाल्ली जात, पुन्हा मळत. हे राहणार होतं. कुणीतरी अनोळखी माणूस दहा वर्षांनी त्यावर पाय देऊन जाणार होतं. ऊन कलताना सातवा दगड बसला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून आनंद ओसंडत होता.

मिस्त्री बाटल्या घेऊन झऱ्यावरून येत होते. ते ओळीवरून चालत आले. सहा दगडांवर टाच टेकली तेव्हा "ठक" वाजलं. सातव्यावर वाजलं, "ढब".

बाईंनी ऐकलं. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केल्यावर पोकळ आवाज त्यांनाही कळत होता. बाईंनी ऐकलं हे मिस्त्रींनाही कळलं. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. मिस्त्रींचा उजवा कान लाल झाला. झऱ्यावर जायची सोय नव्हती, बाटल्या सगळ्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

आता बोलणार, बाईंना वाटलं, आणि बरोबरच बोलणार. त्यांना एकदम रडू फुटेलसं झालं. दगड चुकला याचं नव्हे. सकाळपासूनचा सगळा आनंद एका शब्दात जाईल, याचं. मालकांसमोर फरशी उचकटली गेली तेव्हा पोराला काय झालं असेल, ते त्यांना आतापर्यंत नुसतं माहीत होतं. या क्षणी ते कळलं.

मिस्त्रींनी बाटल्या खाली ठेवल्या. मुकादमच्या पिशवीतून मग काढला, भरला, आणि बाईंच्या हातात दिला. स्वतः ओतलं नाही. हात खिशात घालून ते दोन पावलं मागे सरले.

बाईंनी पाणी ओतलं. पाणी ओळीच्या कडेने छान धावत गेलं, सहावा दगड ओलांडला, आणि सातव्यापाशी पोचून गुपचूप त्याच्या खाली नाहीसं झालं. पहिल्याच मोठ्या पावसात तो दगड निखळला असता.

"काढायला हवा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान हलवली, पण जागचे हलले नाहीत. बाईंनी पहार घातली, दगड कलता केला, खाली बघितलं आणि त्यांना काही सुधरेना. माती तर भरपूर घातली होती. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, आता विचारतेय तर सांगा की."

"विचारतेस ना?"

"विचारतेय."

तेव्हा कुठे मिस्त्री जवळ येऊन बसले. माती सगळी काढ, ती पाण्याबरोबर जाते, असं त्यांनी सांगितलं. तिथे बारीक खडी भर, आणि दगड मधे ठोकू नकोस, कडेकडेने ठोकत ये. इतकंच. हात लावला नाही. बाईंनी तसं केलं, वरून टाच मारली, आणि "ठक" असा आवाज आला. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

मग बाईंना राहवेना. तिथेच त्या ओळीवर बसून त्यांनी पत्राची सगळी गोष्ट सांगून टाकली. कंपनी, दुसरं शहर, महिनाअखेर, मुलाचं म्हणणं, सगळं. बोलताना त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. सांगून झाल्यावर बघितलं तर मिस्त्री मगाचा चेपलेला भाग अंगठ्याने सरळ करत बसले होते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्या कंपनीच्या माणसाने मलाच फोन केला होता. मुलगा कामाला कसा आहे म्हणून विचारायला."

"मग? काय सांगितलंत?" बाईंचा आवाज चिरकला.

"काय सांगणार? खरं ते सांगितलं. म्हटलं, त्याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. एक फरशी पोकळ निघाली तर पोरगा दोन दिवस जेवला नाही. माझं जेवण कधी चुकलंय? तू पैज लावलीस तेव्हा मला वाटलं, हिलाही पत्राचं कळलेलं दिसतंय. म्हणून लागली म्हटलं. आठ दिवस सवय करून बघावी, जमतंय का."

"परक्या माणसाला सांगितलंत, आणि पोराला नाही?"

"तोंडाला सवय नाही गं," मिस्त्री म्हणाले. एवढं मोठं माणूस, पण इतका बापुडवाणा चेहरा बाईंनी कधी बघितला नव्हता. त्यांना नवऱ्याचा राग आला, दया आली आणि हसूही आलं, सगळं एकाच वेळी. त्यांनी त्यांच्या हातातला मग काढून घेतला आणि म्हणाल्या, उठा, डॉक्टर वाट बघतायत.

घरी आल्यावर बाईंनी पैज हरल्याचं कबूल केलं. तुम्ही जिंकलात, खुशाल साइटवर जा, म्हणाल्या. मिस्त्री म्हणाले, बोलावलं की जाईन. म्हणायला सोपं होतं. रोज दहा वाजले की त्यांची बोटं जेवणाच्या टेबलावर ठकठक सुरू व्हायची. टेबलाचा एक पाय सैल आहे, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं आणि तो त्यांनी चार वेळा घट्ट केला. महिना संपायला तीन दिवस उरले. बाई देवाला काही मागत नव्हत्या, पण फोन वाजला की हातातलं टाकून धावत होत्या.

दोन दिवस उरले असताना तो वाजला. बाबा, एक बाथरूम पुरं झालंय, मुलगा म्हणाला. बघायला येता का? आईलाही आणा. डोंगरातून परत आल्यावरही बाप फिरकला नाही, याचा त्याने धसका घेतला होता, असं पुढे बोलता बोलता निघालं. आजारी आहेत की काय, असं त्याला वाटलं होतं.

मिस्त्रींनी लेव्हल कपाटात ठेवली आणि न्हाणीतला प्लास्टिकचा मग पिशवीत टाकला. साइटवर दोन कामगार होते. मिस्त्रींना बघून त्यांनी हातातली थापी खाली ठेवली आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले, जसं काही आता वीज पडणार आहे. मुलाचा चेहरा उतरलेलाच होता. बाथरूम सुंदर झालं होतं, फिकट निळ्या फरश्या, सांधे एका रेघेत.

मिस्त्रींनी मग भरून मुलाच्या हातात दिला. मुलाला काही कळेना. "ओत," बाई दाराबाहेरून म्हणाल्या, "आणि पाणी थांबेपर्यंत कुणी बोलू नका."

पाणी जाळीकडे निघालं. बहुतेक सगळं गेलं. खिडकीखालच्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढं थांबलं आणि तिथेच राहिलं. बाईंनी नवऱ्याच्या उजव्या कानाकडे बघितलं. कान लाल झाला होता. तोंड उघडलं, मिटलं. कामगारांनी श्वास रोखून धरले होते.

"कोपऱ्यात थांबतंय," मुलगाच म्हणाला. तो गुडघ्यांवर बसला, बोटाने पाणी सारून बघितलं. "उद्या ही एक काढून परत घालतो."

"घाल," मिस्त्री म्हणाले. मग जाळीकडे बघत म्हणाले, "तुझा हात माझ्यापेक्षा बरा आहे. त्या कंपनीवाल्यालाही मी तेच सांगितलंय. जायचं असेल तर जा, पण माझ्या तोंडामुळे जाऊ नकोस."

कोपऱ्यातलं पाणी मुलगा पुन्हा पुन्हा बोटाने सारत होता, सारून सारून ते कधीच संपलं होतं. बाईंनी नजर दुसरीकडे वळवली तर दाराशेजारी भिंतीवर चिकटपट्टीने एक पाकीट लावलेलं दिसलं. त्याच कंपनीचं. त्यावर पेन्सिलीने बाथरूमची मापं लिहिली होती, लांबी, रुंदी, खिडकी, जाळी, दोनदा खोडून पुन्हा.

"अरे, हे पत्र ना?" बाईंनी विचारलं. "त्यांना काय कळवलंस?"

"नाही म्हणून कळवलं, परवाच," मुलगा उठत म्हणाला. त्याने बाहीने नाक पुसलं. "पाकीट बरं होतं. मापं लिहायला घेतलं."

बाई तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसल्या. कामगारांपैकी एकजण हसला, मग दुसरा, आणि कुणीतरी चहा सांगायला गेलं. मिस्त्री सगळ्यांची पाठ थोपटत, मोठमोठ्याने भलतंच काहीतरी बोलत बाहेर निघाले. उंबरठ्याशी नवी फरशी होती. तिच्यावर त्यांची टाच पडली आणि आवाज आला, "ढब".

मिस्त्री थांबले. मुलगा थांबला. बाईंनी गोणीवरूनच मान वर केली.

"तहान लागलीय," मिस्त्री म्हणाले, आणि कामगारांच्या बाटल्या गोळा करून नळाकडे गेले.